आमचे वादक कुठे शिकले, तेही छापा

प्रति,
महाराष्ट्रातील लोककला महोत्सवांचे आयोजक, निवड समित्यांचे सदस्य आणि निवेदक मंडळी

सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की तुमचे अर्ज यायला लागतात. संचाचं नाव, संचप्रमुखाचं नाव, कलाप्रकार, कलावंतांची संख्या, आणि त्याखाली एक रकाना असतो : ‘संगीत शिक्षण (प्रमाणपत्राची प्रत जोडावी)’. आमच्या संचात मी पेटी वाजवते. मी लहानपणी क्लासला जात होते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यामुळे माझ्या नावापुढे लिहायला काहीतरी असतं. ढोलकी, हलगी, संबळ, सनई, तुणतुणं आणि झील, म्हणजे गाणाऱ्याच्या मागून सूर ओढणारे, या सगळ्यांच्या नावांपुढे रेघ ओढावी लागते. तालमीत घालवलेली वर्षं धरली तर आमच्या संचात सगळ्यांत कमी शिक्षण माझं आहे. कागदावर मात्र शिकलेली मी एकटीच दिसते. दर वर्षी ती रेघ ओढताना माझा हात थांबतो, म्हणून हे पत्र.

अर्जाचा रकाना रिकामा राहतो आणि मग तोच रिकामेपणा व्यासपीठावर वेगळ्या रूपात येतो. निवेदक कौतुकाने म्हणतात, ‘या मंडळींना कुणी शिकवलेलं नाही, यांच्या रक्तातच संगीत आहे.’ टाळ्या पडतात. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण पाठीमागे बसलेल्या माणसाने पहाटे उठून, मार खाऊन, दुसऱ्याच्या फडात पाणी भरून, पाल ठोकून जे मिळवलं, ते त्या एका वाक्यात पुसलं जातं. त्याला शिकवणारा चुलता, मामा, उस्ताद, सगळे पुसले जातात. यांतलं काहीच रक्तात नव्हतं. कुणीतरी शिकवलं आणि यांनी शिकून घेतलं.

तुमच्याच महोत्सवात आदल्या संध्याकाळी शास्त्रीय गायनाची मैफल असते. तिथे तबलजींची ओळख करून देताना गुरूंचं नाव आदराने घेतलं जातं. घराणं सांगितलं जातं, फरुखाबाद, बनारस, पंजाब. पखवाजी असतील तर नाना पानसे घराण्याचा उल्लेख होतो. तबल्याच्या साथीदारालाही स्वतःचा इतिहास असतो हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं आहे. अहमदजान तिरखवाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत साथ केली ही गोष्ट आपण मराठी माणसं अजून अभिमानाने सांगतो. रंगभूमीवरच्या साथीतून त्यांच्या वादनाला काय मिळालं असेल यावर जाणकार तासन्‌तास बोलतात. दुसऱ्या दिवशी त्याच मंचावर, त्याच माइकवर आमचा संच येतो आणि छापील पत्रिकेत प्रमुखाच्या नावापुढे ‘आणि सहकारी’ एवढंच असतं.

आता मी या सहकाऱ्यांबद्दल सांगते. नावं देत नाही. हे पत्र एका संचाच्या तक्रारीचं नाही, आणि अशी माणसं महाराष्ट्रातल्या प्रत्येक संचात आहेत.

आमचा ढोलकीवाला वारकरी घरातला. गावच्या सप्ताहात हरिपाठाला टाळ धरून उभा राहायचा, मग मृदंगाच्या मागे जाऊन बसायला लागला, मग आळंदीला गेला. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून ते गाव शिकणाऱ्या पोरांचंच झालं आहे. कुणी कीर्तन शिकतं, कुणी गायन, कुणी मृदंग. हा मृदंग शिकला. भजनी ठेका, धुमाळी, पावलीची लय, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे कीर्तनकाराच्या तोंडाकडे बघून वाजवणं. बुवा दृष्टान्त सांगत असताना हात नुसता ठेवायचा, अभंगाचं चरण आलं की उचलायचा, विठ्ठलनामाच्या गजरात सगळा फड अंगावर घ्यायचा. हे कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत, कारण क्लासात कीर्तनकार नसतो.

तिथून तो ढोलकीकडे आला तेव्हा त्याला अर्धं विसरावं लागलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावतात, त्यामुळे तिथे सपाट तळव्याची भारी थाप बसते. ढोलकीच्या डाव्या पुडीला मसाला आतून लावलेला असतो. तिथे तळवा टाकून भागत नाही. मनगट दाबत दाबत पुढे सरकवलं की घुमारा निघतो, आणि तो घुमारा म्हणजे अर्धी लावणी. उजवीकडेही तसंच. पखवाजाची उघडी थाप ढोलकीवर मारली तर आवाज फुटतो. तिथे बोटांची टोकं लागतात, आणि चाट अशी कडक निघावी लागते की नाचणारीच्या चाळांच्या वर ऐकू यावी. त्याच्या उस्तादांनी, म्हणजे फडात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने, पहिले कित्येक महिने त्याला उजवा हात लावूच दिला नाही. नुसता डावा. उस्ताद स्वतः उजवीकडची बाजू काठीने जमिनीवर वाजवायचे आणि हा डाव्याने घुमारा भरायचा. आज तो वाजवायला बसला की ऐकणाऱ्याला वाटतं, याला जन्मतःच येत असणार.

या माणसाच्या हातात आळंदी आणि तमाशाचा फड असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. लावणीच्या शेवटच्या तोड्यात तो मृदंगाचा एखादा बोल हळूच टाकतो, आणि ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो. पत्रिकेत एक ओळ असती तर तो काटा आणखी शंभर जणांच्या अंगावर आला असता.

हलगीवाले आमचे मामा. संचात सगळे त्यांना मामाच म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कुस्तीचं मैदान हलगीशिवाय होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मामा तिथे घडले. हलगी आणि तिच्या साथीचं घुमकं, कैताळ घेऊन चौघे-पाच जण मैदानाच्या कडेला उभे असतात. जोड लागली की लय कुठली धरायची, पैलवान खडाखडीत अडकले की किती दमानं घ्यायचं, एकाने पट काढला की कधी उठाव करायचा, हे सगळं हलगीवाल्याने कुस्ती वाचून ठरवायचं असतं. डोळे मैदानावर आणि हात आपोआप. डोळ्यांनी बघून हातांनी उत्तर देणं ही मामांची तालीम. म्हणून तर लावणीत नाचणारीची नजर फिरायच्या आत मामांची हलगी फिरलेली असते. ढोलकीवाला कानाने वाजवतो, मामा डोळ्याने. दोघांची जुगलबंदी रंगते तेव्हा प्रेक्षक हातांच्या वेगाला टाळ्या देतात. त्यामागे शिकण्याच्या दोन पद्धती समोरासमोर आलेल्या असतात, हे सांगायला मात्र कुणी नसतं.

मामांना चुलत्यांनी शिकवलं. वाद्य हातात द्यायच्या आधी डालड्याच्या रिकाम्या डब्यावर. चुलते बोल तोंडाने म्हणायचे, यांनी तोंडाने परत म्हणायचे. तोंडात बसेपर्यंत काठी मिळायची नाही. तबल्याच्या शिकवणीत गुरू पढंत करून घेतात, तिला आपण विद्या म्हणतो. डालड्याच्या डब्यापुढची पढंतही विद्याच आहे.

हलगीबद्दल लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. हे वाद्य आणि मातंग समाज यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे. गावगाड्यात हलगी वाजवणं ही कलाकाराची हौस नव्हती. बोलावणं आलं की जावं लागायचं, आणि मानाच्या जागेपासून लांब उभं राहून वाजवावं लागायचं. दलित समाजातल्या पुष्कळ घरांनी गावकीची असली कामं ठरवून सोडली, त्यांत वाजवणंही सोडलं, आणि ते सोडणं स्वाभिमानाचं होतं. त्याच काळात सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी, तमाशाची वाद्यं आणि तमाशाचा बाज हातात घेऊन समाज जागा केला. म्हणजे वाजवणं सोडणारे आणि तेच वाजवणं नव्या कामाला लावणारे, दोघेही होते. हा सगळा इतिहास ज्यांच्या पाठीवर आहे, त्या माणसाला मंचावर ‘यांच्या रक्तातच आहे’ म्हणणं म्हणजे त्याची जात दुसऱ्या शब्दांत सांगणं आहे. तुमच्या मनात तसं नसेल. पण समोर बसलेल्या मामांना ते तसंच ऐकू येतं. त्यांनी मला हे तोंडाने सांगितलेलं आहे. म्हणून माझी मागणी नीट समजून घ्या. वादकाची पार्श्वभूमी सांगा म्हणजे त्याचा समाज सांगा, असं मी म्हणत नाही. तो कुणाकडे, काय आणि कसं शिकला, हे सांगा.

संबळ आणि तुणतुणं दोन्ही एकाच घरातून येतात. बाप संबळ वाजवतो, लेक तुणतुणं. घर गोंधळ्यांचं, तुळजापूरच्या भवानीचं. त्यांच्यात शिक्षणाची पायरी ठरलेली आहे. पोर लहान असताना दिवटी धरून उभं राहायचं. रात्रभर उभं राहून आख्यान कानावर पडतं. मग झांज हातात येते. झांज साधली की तुणतुणं. संबळ सगळ्यांत शेवटी, कारण संबळ वाजवणाऱ्याला सबंध आख्यान पाठ असावं लागतं. कुठल्या ओळीला थांबायचं आणि कुठल्या ओळीला चढवायचं, हे नायकाने सांगायच्या आधी त्याला कळलं पाहिजे. कमरेला बांधलेली ती दोन तोंडं, एका काठीचं टोक वळलेलं, हे सगळे पाहतात. त्या काठ्यांमागे पाठ असलेली कथा कुणाला दिसत नाही. रात्रभराचं आख्यान तोंडपाठ असलेल्या माणसाच्या नावापुढे मी ‘संगीत शिक्षण’ या रकान्यात रेघ ओढते.

तुणतुण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्याकडे कुणी वाद्य म्हणून बघतच नाही. एक तार, एक खुंटी, खाली कातड्याचं तोंड. पण आमच्या संचाचा सूर तिथे ठरतो. पेटीवाली असूनही हे मी म्हणते आहे. आमची गाणारी बाई काळी चारच्या पट्टीत गाते, पोवाड्याला शाहीर त्याहून वर जातो. थंडीत आणि पावसाळ्यात ती तार वेगवेगळी वागते. तो पोरगा दोन ओळींच्या मध्ये, वाजवणं न थांबवता, खुंटीला अंगठ्याने किंचित पीळ देऊन तार जागेवर आणतो. गाणाऱ्या बाईला सूर हलल्याचं कळतही नाही. मला हे समजायलाच पुष्कळ दिवस लागले. क्लासात मला शिकवलं होतं की वाद्य आधी लावायचं आणि मग वाजवायचं. वाजवता वाजवता लावायचं, हे मी त्याच्याकडून शिकले.

सनईवाले गुरव. देवळातली सकाळची आणि शेजारतीची सेवा त्यांच्या घराकडे. रागांची नावं त्यांना विचारली तर ते सांगत नाहीत. पण पूजेच्या वेळेला काय आणि संध्याकाळी काय, हे चुकत नाही. लग्नसराईत त्यांनी बँडमध्ये क्लॅरोनेटही वाजवली आहे, आणि नव्या गाण्याची चाल एकदा ऐकून उतरवायची सवय तिथली आहे. झीलकरी आजोबा जुन्या ढोलकीफडातले. गण, गौळण, बतावणी, वग सगळं पाहिलेले, आणि कुणी कुठे ओळ विसरलं तर ती मागून उचलून देणारे. ऑक्टोपॅडवाला पोरगा गणपतीच्या बँजो पार्टीतून आला आणि आल्यापासून मामांच्या मागे लागून हलगी शिकतो आहे.

हे सगळे एकत्र येतात तेव्हा काय होतं, हे एकदा आमच्या तालमीला येऊन बघा. पावसाळ्यात फड बसतात, जत्रा नसतात, तेव्हा आम्ही तालमी करतो. गेल्या हंगामाच्या आधी एका जुन्या लावणीवर आम्ही अडलो. ठेका धुमाळीचा, आठ मात्रांचा, सरळ. कडव्यानंतरचा तोडा संपायची जागा मात्र जुळेना. ढोलकीवाला तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचा, आळंदीची सवय. मामा समेच्या आधीच थांबायचे. त्यांच्या हिशोबात नाचणारीचं पाऊल जमिनीवर आदळलं की तोडा संपला. संबळवाले काका म्हणाले, दोघांचं चुकतंय, ओळ संपली कुठे ते बघा, ओळीतला शेवटचा शब्द अजून तोंडात आहे. मी मात्रा मोजत बसले होते. आठ मोजून माझं उत्तर बरोबर होतं आणि तरी लावणी बसत नव्हती. शेवटी तिहाईचे दोन घाव ढोलकीने घ्यायचे, तिसरा सोडायचा, तो नाचणारीच्या पायाने घ्यायचा आणि हलगी त्याच घावावर फिरायची, असं ठरलं. झीलकऱ्यांनी शेवटचा शब्द तोवर ताणून धरायचा. हे बसलं तेव्हा नाचणारी थांबली आणि नुसती हसली.

ती जागा आता कार्यक्रमात काही क्षणांची असते. तिच्यात वारकऱ्यांचा मृदंग आहे, कुस्तीचं मैदान आहे, गोंधळ आहे, फड आहे आणि थोडा माझा क्लासही आहे. प्रेक्षकाला हे सांगायला एक मिनिट लागतं. सांगितलं तर तो ती जागा वेगळ्या कानाने ऐकतो, आणि आम्ही जिथे स्वतः सांगितलं तिथे हे घडलेलं मी पाहिलं आहे. लोक नंतर मागे येतात, मामांना विचारतात, कुठल्या मैदानात वाजवायचा? ढोलकीवाल्याला विचारतात, आळंदीत कुणाकडे होतास? अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते हारतुऱ्यांनी येत नाही.

आता जरा मागे बघा. उत्तर पेशवाईतले होनाजी आणि बाळा. होनाजी लिहायचा, बाळा गायचा. दोन्ही नावं जोडून घ्यायची पद्धत पडली म्हणून गाणारा बाळा करंजकर आज आपल्याला माहीत आहे. राम जोशी माहीत आहेत, सगनभाऊ माहीत आहेत. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या लावण्या अजून गायल्या जातात, आणि त्यांच्या नावाबरोबर त्यांच्या फडात नाचणाऱ्या पवळाबाईंचंही नाव येतं. यांच्यामागे ढोलकी कुणी धरली, तुणतुणं कुणाचं होतं, झील कुणाची होती? शाळेच्या पुस्तकात ते नाही, आमच्या बोलण्यातही नाही. अण्णा भाऊ साठे वाटेगावच्या आपल्या नातलगांच्या तमाशात वावरले आणि तिथून मुंबईच्या कामगारांपुढे लाल बावटा कलापथक घेऊन उभे राहिले. अमर शेख बार्शीचे, आईच्या ओव्या ऐकत वाढलेले. हे दोघे लिहिणारे-गाणारे म्हणून मोठे झाले, त्यामुळे त्यांचं शिकणं कुठे झालं ते कुणीतरी लिहून ठेवलं. वाजवणाऱ्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही. आज तुमच्या हातात छापील पत्रिका आहे, व्हिडिओ आहे, संकेतस्थळ आहे. तरीही आपण तेच करतो आहोत.

यात नुसत्या मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं. २०२४ पासून ते महिन्याला ५००० रुपये झालं. त्यासाठी अर्ज करताना कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे पुरावे लागतात. फडमालकाकडे, संचप्रमुखाकडे, गायिकेकडे जाहिराती असतात, कात्रणं असतात, नाव छापलेल्या पत्रिका असतात. आयुष्यभर ‘आणि सहकारी’ म्हणून छापल्या गेलेल्या वादकाकडे काय असतं? आमच्या झीलकरी आजोबांसाठी कागद गोळा करायला आम्ही गावोगाव हिंडलो. त्यांना ओळखणारी माणसं शेकड्याने भेटली. त्यांचं नाव छापलेला एकही कागद भेटला नाही. तुमच्या पत्रिकेतली एक ओळ तुम्हाला छपाईचा खर्च वाटत असेल, वादकाच्या म्हातारपणी तीच ओळ त्याचा पुरावा असते.

तुमची बाजूही मला माहीत आहे. पत्रिकेत जागा नसते, निवेदकाला वेळ नसतो, संच आयत्या वेळी वादक बदलतात. शेवटचं तर अगदी खरं आहे. लग्नसराईत सनईवाला मिळत नाही आणि मग दुसऱ्या संचातला येतो. तरीही नावं आदल्या दिवशी पक्की करून घेता येतात. आणि जागेचं म्हणाल तर प्रायोजकांच्या चिन्हांना आणि प्रमुख पाहुण्यांच्या पदव्यांना तुमच्या पत्रिकेत अख्खं पान असतं. त्यातल्या चार ओळी वादकांना द्या.

काही जण म्हणतील, मग प्रमाणपत्रच द्या की सगळ्यांना. प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या ठिकाणी मुलं रीतसर लोककला शिकतात, याचा मला आनंद आहे. मात्र फडात, मैदानात आणि देवळात जे शिक्षण झालं त्याला आधी शिक्षण म्हणा, मग त्याचं प्रमाणपत्र कसं करायचं ते ठरवू. आणि अशा विद्यापीठांतून हलगी किंवा संबळ शिकवायला जो येईल, त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याला तासाचे पैसे कमी मिळू नयेत, एवढं त्यांनीही पाहावं.

अर्जातला तो रकाना बदला. ‘संगीत शिक्षण (प्रमाणपत्राची प्रत जोडावी)’ याच्या जागी ‘तालीम : कुणाकडे, कुठे, कोणत्या वाद्याची’ असं छापा. कागद नसेल तर संचप्रमुखाची आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाची सही पुरे धरा. निवड समितीत वाजवणारा एक तरी माणूस घ्या. हलगीला डफ आणि संबळाला नगारा म्हणणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत. निवेदकांनी कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं वादकांमध्ये येऊन बसावं आणि प्रत्येकाला एकच विचारावं : तुमचे उस्ताद कोण? उत्तर मिळेल ते मंचावर जसंच्या तसं सांगावं. रक्ताबिक्ताचं काही बोलू नये.

वादकाचं शिक्षण माहीत असलं की व्यवस्थाही नीट लागते, हेही लक्षात घ्या. कातड्याची हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. ताव दिल्याशिवाय ती बोलत नाही. एका वातानुकूलित सभागृहात मामा मागच्या अंगणात थोडं पाचट पेटवून हलगी शेकत होते, तर रखवालदाराने त्यांना हाकललं. मामा थंड हलगी घेऊन मंचावर गेले आणि कार्यक्रमभर मान खाली घालून बसले. हल्ली नटबोल्टाच्या फायबरच्या हलग्या मिळतात, त्या शेकाव्या लागत नाहीत, पण मामांचा हात कातड्यावर तयार झालेला आहे. त्यांच्यासाठी एक मोकळी जागा आणि पाण्याची बादली ठेवायची, एवढंच काम होतं. पियानो आणला की तो लावायला माणूस बोलावता ना, तसंच हे. तुणतुण्याला वेगळा माइक द्या. ढोलकीच्या दोन्ही तोंडांना दोन द्या, नाहीतर घुमारा मरतो आणि नुसती चाट ऐकू येते.

आमच्या संचाने या वेळच्या अर्जासोबत एक वेगळा कागद जोडला आहे. त्यात काय लिहिलं ते इथेही देते, म्हणजे किती जागा लागते याचा तुम्हाला अंदाज येईल.

ढोलकी : मृदंगाचं शिक्षण आळंदी येथे, ढोलकीची तालीम फडातल्या उस्तादांकडे. हलगी : चुलत्यांकडे तालीम, कुस्ती मैदानं आणि जत्रांमध्ये वादन. संबळ : घरच्या गोंधळात वडिलांकडे, सर्व आख्यानं मुखोद्गत. तुणतुणं : वडिलांकडे, दिवटीपासून सुरुवात. सनई : देवळातील नित्यसेवा, क्लॅरोनेटवादनाचा अनुभव. झील : ढोलकीफडात हयात. ऑक्टोपॅड : बँजो पार्टी, सध्या हलगीची तालीम सुरू. पेटी : क्लास आणि परीक्षा, नंतरचं शिक्षण वरील सर्वांकडे.

मूळ कागदावर प्रत्येकाचं आणि त्याच्या उस्तादांचं पूर्ण नाव आहे. उस्तादांची नावं लिहून घेताना तालमीत दोन-दोन तास गेले, कारण एकाचं नाव निघालं की त्यांच्या उस्तादांचं निघायचं. मामांनी तर चुलत्यांच्या मागच्या दोन पिढ्या सांगितल्या आणि त्या मी वेगळ्या वहीत उतरवल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर वही दाखवायला आम्ही तयार आहोत.

पुढच्या हंगामाचे अर्ज तुम्ही श्रावणात छापायला देता. त्याआधी तुमच्या समितीची एक बैठक होतेच. हा रकाना त्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या आणि ठरेल ते सगळ्या संचांना लेखी कळवा. चर्चेला बोलावलंत तर मी मामांना आणि संबळवाल्या काकांना घेऊन येईन. आमचा जाण्यायेण्याचा खर्च आम्ही करू.

कळावे,
आपली,
एका लोकसंगीत संचातील पेटीवादक
सातारा जिल्हा